'मेकॅनिक्स ऑफ कंपोझिट मटेरियल्स' हा इलेक्टिव्ह घ्यावा का? बेळगावात राहून त्याचा काही उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर खानापूरकडे, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. इलेक्टिव्हच्या यादीत कंपोझिट्सचं (रेझिनमध्ये धागे बसवून केलेल्या मटेरियलचं) मेकॅनिक्स आहे आणि सीनियर सांगतायत की नुसत्या मॅट्रिक्सवर मॅट्रिक्स आहेत, मार्क निघत नाहीत, वर बेळगावात त्याची नोकरीही नाही.

घ्या. सीनियरांचं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, त्यावर नंतर येतो. मार्कांचं म्हणाल तर उलट आहे. या विषयातली गणितं ठरावीक साच्याची असतात, चार-पाच प्रकार नीट बसले की पेपर सुटतो. इंग्रजीची धास्ती असेल तर तीही सोडा, यात गद्य कमी आणि आकृत्या जास्त. मराठी शाळेतून येऊन व्हीटीयूचा (आपल्या तांत्रिक विद्यापीठाचा) कन्नडचा पेपर काढणाऱ्याने याला काय घाबरायचं?

मुलं अडतात ती वेगळ्याच ठिकाणी. पहिल्या वर्षापासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं की एका मटेरियलला एकच यंग्ज मोड्युलस, म्हणजे ओढल्यावर ते किती ताठ राहतं त्याचा आकडा. स्टील म्हटलं की २०० गिगापास्कल, मग पट्टी सरळ कापा नाहीतर तिरकी कापा. यंग्ज मोड्युलस आणि पॉइसन्स रेशो (ओढल्यावर आडवं किती आक्रसतं त्याचं प्रमाण) हे दोन आकडे हातात आले की काम भागतं. कंपोझिटचा एकाच दिशेने धागे असलेला पातळ थर, म्हणजे लॅमिना, घेतला तर त्याच्या प्रतलातल्या हिशेबाला चार आकडे लागतात: धाग्याच्या दिशेचा मोड्युलस, आडव्या दिशेचा मोड्युलस, शिअर मोड्युलस (तिरकं सरकवण्याला होणारा विरोध) आणि पॉइसन्स रेशो. कळक उभा फोडायला कोयत्याचा एक घाव पुरतो आणि आडवा तोडताना घाम निघतो, हे खानापूरच्या माणसाला मी काय सांगणार? सगळा विषय म्हणजे त्याच गोष्टीचा आकड्यांतला हिशेब.

तो हिशेब किती बोचरा असतो ते एका गणितात दिसतं. टी-३०० हा कार्बनचा धागा आणि इपॉक्सी हे रेझिन, यांच्या थराचं उदाहरण क्लासमध्ये हमखास येतं. धाग्याच्या दिशेने १८१ गिगापास्कल, आडवं १०.३, शिअर मोड्युलस ७.१७, पॉइसन्स रेशो ०.२८. आता या थराची पट्टी धाग्यापासून फक्त १० अंश तिरकी कापली तर मोड्युलस किती येईल? विचारलं की बहुतेक जण १७० च्या आसपास अंदाज बांधतात. सूत्रात घालून बघा, १०८ येतो. १० अंशांत ४० टक्के गेले! ५ अंशांना १५४ आणि ४५ अंशांना जेमतेम १७. मजा पुढे आहे. आडवा मोड्युलस कमी म्हणून हे होत असेल असं वाटतं, पण १० अंशांच्या गणितात त्या पदाचा वाटा नगण्य, जेमतेम एक टक्का. खरी घट शिअरच्या पदामुळे होते, कारण धाग्यांमधलं रेझिन शिअरला फार लवकर मान टाकतं. हे गणित कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करा, तिन्ही पदं (धाग्याच्या दिशेचं, आडवं आणि शिअरचं) वेगवेगळी लिहून. एवढं केलंत की प्रत्यक्ष कामात थर लावताना लोक कोनासाठी इतके का भांडतात ते कुणी सांगावं लागणार नाही.

त्याआधीचं मायक्रोमेकॅनिक्सचं प्रकरण, म्हणजे धागा आणि रेझिनच्या आकड्यांवरून थराचे आकडे काढणं, सोपं आहे. काचेचा धागा ७२ गिगापास्कल, इपॉक्सी ३.४, धाग्यांचं प्रमाण आकारमानाने ६० टक्के धरलं तर धाग्याच्या दिशेने सुमारे ४४.६ येतो आणि आडवा ८ च्याही आत. धागा कितीही भारी घेतला तरी आडव्या दिशेला रेझिनच मालक.

मार्क खरे जातात ते अक्ष फिरवताना. शिअर स्ट्रेन दोन प्रकारे लिहितात, टेन्सर आणि इंजिनिअरिंग, आणि दोघांत २ चा फरक असतो. तो २ कुठे घालायचा आणि कुठे काढायचा हे विसरलं की सगळं उत्तर चुकतं, तेही बेमालूम, म्हणजे आकडा दिसायला बरोबरच वाटतो. पडताळा सोपा आहे: शून्य अंश घाला, मूळ आकडे परत मिळाले पाहिजेत. ९० घाला, ई-१ (धाग्याच्या दिशेचा मोड्युलस) आणि ई-२ (आडवा) यांची अदलाबदल झाली पाहिजे. मग ४५ घालून वरच्या १७ शी ताडून बघा, कारण शून्य आणि ९० ला तो २ लपून राहतो.

मग येते एकावर एक थरांचा हिशेब करणारी लॅमिनेशन थिअरी, म्हणजे सीनियरांची ती ए, बी, डी मॅट्रिक्स. ए म्हणजे ताणाचा ताठपणा, डी वाकण्याचा, आणि बी म्हणजे ताण दिला तरी वाकणं किंवा पीळ पडणं. थरांची रचना मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी असली की बी शून्य. शून्य आणि ९० असे दोनच थर एकमेकांवर ठेवून १८० अंश सेल्सिअसला पकवलेली कार्बन-इपॉक्सी पट्टी साच्यातून काढली की आपोआप वळते. कार्बनचा थर धाग्याच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही, आडवा मात्र चांगलाच आक्रसतो, आणि दोन थरांची ओढाताण त्या वळणात दिसते. पाठांतर करण्याऐवजी ही मॅट्रिक्स एक्सेलच्या शीटवर स्वतः मांडा. आयआयटींच्या एनपीटीईएल या साइटवर याची व्याख्यानं फुकट आहेत, ती बघत बघत शीट भरली तरी चालेल. तयार सॉफ्टवेअर नंतर. फेल्युअर क्रायटेरिया (थर कधी तुटेल ते सांगणारे नियम), त्साई-हिल आणि त्साई-वू, हे त्याच शीटला जोडता येतात, त्यावर वेगळा जीव काढायची गरज नाही.

आता बेळगावाचं. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, तुम्हाला 'फायबर'ची कामं दिसतील. टाक्या, पत्रे, गाड्यांचे भाग, शिवरायांचे पुतळे. यांना वरचं गणित येत नाही आणि त्यांचं काही अडतही नाही, कारण ते वापरतात ती मॅट, म्हणजे तुकडे केलेल्या काचधाग्यांची चादर. तिच्यात धागे सैरावैरा पसरलेले असतात, त्यामुळे प्रतलात सगळ्या दिशा जवळपास सारख्या. कोनाचा प्रश्नच नाही. उलट सौंदत्तीकडच्या पवनचक्कीचं पातं बघा: लांबीला वाकणं सोसायला लांबीच्या दिशेचे धागे, आतल्या उभ्या पडद्याला शिअरसाठी अधिक-उणे ४५ अंशांचे. तेजस विमानात वजनाच्या सुमारे ४५ टक्के कंपोझिट आहे, बोइंग ७८७ मध्ये निम्मं. तिथे हा विषय शिकलेला माणूस लागतो.

नोकरीचं सरळ सांगतो. हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमध्ये काम मुख्यतः धातूचं आहे, मशीनिंग, फोर्जिंग, शीट मेटल. फक्त कंपोझिट्सच्या नावावर बेळगावात नोकरी शोधायला निघालात तर निराश व्हाल. चोर्ला घाट उतरलात की गोव्यात पिळर्णला किनेको आहे, रेल्वेपासून एरोस्पेसपर्यंत कंपोझिटचे भाग बनवणारी कंपनी. बेंगळुरूला एचएएल, एनएएल या विमानांवर काम करणाऱ्या सरकारी संस्था आणि डिझाइनची कामं करणाऱ्या कंपन्या. म्हणून माझं मत असं की सीएनसी, जीडी अँड टी (ड्रॉइंगवर मापांची सूट दाखवायची पद्धत), फिक्स्चर (काम पकडून ठेवायची साधनं) हे आपल्या भागाचं बळ आहे, ते सोडू नका आणि त्याच्या जोडीला हा विषय घ्या. धातू आणि कंपोझिट दोन्ही कळणारी माणसं कमीच मिळतात.

याचं एक ठोस उदाहरण म्हणजे भोक पाडणं. धातूच्या मोठ्या पट्टीत गोल भोक पाडलं की कडेला स्ट्रेस ३ पट होतो, हे तुम्ही शिकलाय. वरच्या टी-३०० च्या एकाच दिशेच्या थरात, धाग्याच्या दिशेने ओढलं तर तोच आकडा पावणेसातच्या आसपास जातो. त्यात ड्रिल बाहेर पडताना शेवटचे थर ढकलून सोलते, त्याला डिलॅमिनेशन म्हणतात. मागे लाकडाचा किंवा एमडीएफचा तुकडा घट्ट लावला आणि फीड कमी ठेवला की ते बरंच आटोक्यात येतं. धूळ मात्र नाकात जाऊ देऊ नका, मास्क आणि व्हॅक्यूम दोन्ही हवेत. फायनल इयरला हा प्रोजेक्ट घ्या: फीड, वेग आणि बिटचा प्रकार बदलून सोललेल्या भागाचा व्यास मोजायचा. मशीन उद्यमबागेत कुठेही मिळेल, आणि विचारलंत तर शॉपवाले मदतही करतात.

नमुने स्वतः बनवणार असाल तर दोन सूचना. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कोबाल्ट (जांभळ्या बाटलीतलं, रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आधी पूर्ण ढवळून घ्या, मगच हार्डनर घाला. ती जांभळी बाटली आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आणि ताणाच्या चाचणीला पट्टीच्या दोन्ही टोकांना टॅब (जबड्यात धरायचे जादा तुकडे) चिकटवा, नाहीतर कॉलेजच्या यूटीएमच्या, म्हणजे ओढून बघायच्या यंत्राच्या, जबड्यातच पट्टी चिरडते आणि आकडा निरुपयोगी ठरतो. कापड आणायला गेलात तर दुकानदार सवयीने मॅट काढून देईल. मॅट घेऊ नका, विणलेलं रोव्हिंग (काचधाग्यांच्या जुड्यांचं विणलेलं कापड) मागा. त्याच्या पट्ट्या एकदा सरळ आणि एकदा ४५ अंशांत कापून ओढल्यात तर तुमच्या एक्सेलच्या शीटला ताडून बघायला काहीतरी मिळेल.