उलटा बिल्ला

‘काम तसं वाईट नाही हो मॅडम, पण तिथं उभं राहायची लाज वाटते.’

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हे वाक्य माझ्या चिंचवडच्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा उच्चारलं गेलंय की पुढचं मला आधीच ऐकू येतं. बी.कॉम. होऊन स्वस्त मालाच्या मोठ्या दुकानात रॅक भरणारा मुलगा, कंपनीतून निवृत्त झाल्यावर तिथल्याच दारावर बिलांना शिक्का मारणारे काका, नवऱ्याचं काम सुटलं म्हणून बिलिंगला लागलेल्या कितीतरी बायका. सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच असतो, नोकरी सोडू का? त्या सगळ्यांसाठी सुनीताची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनीता अडतीस वर्षांची, अशाच एका दुकानात बिलिंगला. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, ते बंद पडलं आणि तो रिक्षा चालवायला लागला. मुलगी दहावीत. सुनीता माझ्याकडे आली ती मुलीमुळे. ‘दिवसभर थँक्यू सर, थँक्यू मॅडम म्हणते आणि घरात पाऊल टाकलं की पोरीवर भडकते. काल तिनं नुसतं विचारलं, आई भाजी काय करू? तर मी ताट आपटलं.’

मी तिला आधी तिचा दिवस सांगायला लावला. आत शिरताना मोबाइल लॉकरमध्ये. खिशात स्वतःचा रुपयासुद्धा ठेवायचा नाही. सकाळी गल्ल्यातले पैसे मोजून घ्यायचे, रात्री मोजून द्यायचे आणि कमी भरले तर पगारातून कापून घेणार. एक ते दहा तारीख म्हणजे जत्रा, पगार झालेले अख्खे कुटुंबकबिले दोन-दोन ट्रॉल्या ढकलत येतात. शनिवार-रविवार सुट्टी मागायची नाही. बसायला काही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भावाची भांडणं. रॅकवरची जुनी पट्टी कुणी काढलेली नसते. गिऱ्हाईक म्हणतं तिकडे ९९ लिहिलंय, मशीन म्हणतं ११५. पट्टी सुनीतानं लावलेली नसते, दर तिनं ठरवलेला नसतो, केलेलं बिल रद्द करायचं तर त्याची चावीही सुपरवायझरकडे. शिव्या तेवढ्या तिच्या वाट्याच्या.

स्वस्त विकणाऱ्या दुकानाचं गणितच तसं आहे. एका वस्तूमागे नफा थोडा, म्हणून माल भरपूर खपवायचा आणि खर्च दाबून ठेवायचा. त्या दाबलेल्या खर्चात माणसंही आलीच. जिथं आठ काउंटर हवेत तिथं पाच उघडे असतात आणि रांगेचा राग पाचव्या काउंटरवरच्या बाईला मिळतो.

इथं माझी एक चूक कबूल करते. पहिल्या भेटीत मी तिला राग आला की दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. पुढच्या वेळी ती म्हणाली, ‘मॅडम, पाच तारखेला श्वास घ्यायला थांबले तर मागचे चौघे बोंबलतील.’ बरोबर होतं तिचं. तिचं काउंटर न पाहता दिलेला तो सल्ला होता.

चौथ्या भेटीला ती ड्युटीवरून थेट आली. कपडे दुकानातलेच होते, छातीवरचा बिल्लाही काढायचा राहिला होता. तो उलटा होता, कोरी बाजू वर.

‘हा असा कसा?’

तिनं पटकन हात ठेवला. ‘मुद्दामच. दुकानातही असाच लावते. सुपरवायझर दिसला की सरळ करते.’

‘का बरं?’

‘नाव नको दिसायला. आडनाव तर नकोच नको.’ मग हळूहळू बाहेर आलं. माहेर कोरेगाव तालुक्यातलं. वडील दोनदा सरपंच होते. तिच्या लग्नात गावजेवण होतं. भावाला अजून वाटतंय की ही ‘ऑफिसात’ आहे.

मी विचारलं, ‘काल कुणी ओरडलं?’

‘ओरडला ना एकजण. तेलाच्या डब्यावरून.’

‘त्याला तुमचं नाव माहीत होतं?’

‘कसं असेल? बिल्ला उलटा.’

‘तुमचे वडील सरपंच होते, हे?’

‘त्याला काय स्वप्न पडणारे?’

‘मग “सरपंचाची लेक लोकांच्या पिशव्या भरते” असं काल कोण म्हणालं?’

ती बोलायची थांबली. पंख्याचा आवाज तेवढा. या धंद्यात माझा जो काही हात बसलाय तो अशा वेळी गप्प राहण्यात; नवी असताना मी लगेच काहीतरी समजूतदार बोलून मोकळी व्हायचे. सुनीतानं बिल्ला काढला, हातात धरून फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘मीच म्हणते. ते गिऱ्हाईक दोन मिनिटांत जातं. मी रात्रीपर्यंत म्हणत बसते.’ आणि थोड्या वेळानं, ‘मग घरी गेल्यावर पोरीनं आई म्हटलं तरी वाटतं, हीसुद्धा तेच म्हणतेय.’

त्या एका वाक्यासाठी आधीच्या तीन भेटी खर्ची पडल्या, असं मी समजते. तोवर ती आणि मी दोघीही गिऱ्हाइकांना आवरायचा उपाय शोधत होतो. गिऱ्हाइकाला समोर एक काउंटर दिसतो, तो काउंटरवर ओरडतो. ते ओरडणं उचलून आपल्या नावावर, माहेरावर, लग्नातल्या गावजेवणावर नेऊन चिकटवायचं काम सुनीता स्वतः करत होती, तेही नाव झाकून.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळतं. त्यांची एक आठवण मी लाजेनं गांगरलेल्या प्रत्येकाला सांगते. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना भयंकर भीती होती. त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बागेत रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की तिच्याशी बोलायचं. महिनाभरात शंभरजणींशी ते बोलले. भेटायला यायचं एकीनं कबूल केलं, तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही आणि भीती गेली. सुनीता हसली. ‘मी काय बागेत जाऊ?’

बागेत नको म्हटलं, आधी नुसतं मोजा. वाया गेलेल्या बिलाच्या कागदामागे, कुणी आवाज चढवला की एक रेघ. पुढच्या वेळी तिनं घडी घातलेला कागद समोर ठेवला. ‘बिलं १८४. ओरडले सहाजण. पाचांचं भांडण दराशी होतं. सहाव्याचं बहुतेक बायकोशी, ती शेजारीच उभी होती.’ विनोद करणारी सुनीता मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतरचं काम, दुपारी दोन ते तीन, गर्दी नसताना, बिल्ला सरळ. पहिल्या आठवड्यात तिनं केलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात एक तास, मग दोन. आणि मग जे व्हायची तिला दोन वर्षं धास्ती होती ते झालं. रांगेत जाऊबाई. सुनीताचा हात बिल्ल्याकडे गेला होता, पण तिनं तो खाली घेतला. जाऊबाईंनी ट्रॉली पुढे ढकलली आणि विचारलं, ‘अगं, हे दोनावर एक खरंच फुकट आहे का गं? का नुसतं लिहिलंय?’ बस्स. पुढच्या महिन्यात त्यांनी फोन करून विचारलं, डाळीवर काही लागलंय का.

आता हे वाचून कुणी असं समजू नये की दुकानात सगळं आलबेल आहे आणि खोट फक्त आपल्या डोक्यात. असा अर्थ काढणारे मालक मला भेटलेत, मला त्यांचा राग येतो. दहा तास उभं राहून पाय सुजतात, ते विचार बदलून उतरत नाहीत. केरळमध्ये कापडदुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी आंदोलन केलं, तेव्हा कुठे २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तसाच बदल केला. त्या बायका लाजत बसल्या असत्या तर स्टूल मिळालं नसतं.

सुनीताच्या बाबतीतही लाज ओसरल्यावरच बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. गल्ला कधी कमी भरतो याची तिनं वहीत नोंद ठेवली. बहुतेक वेळा तिच्या चहाच्या सुट्टीत दुसरं कुणी काउंटरवर उभं असायचं. मग तिनं सांगितलं, जाताना आणि परत येताना दोघींसमोर पैसे मोजायचे. आधी हे बोलायची तिची हिंमत नव्हती, कारण बोललं की लोक आपल्याकडे बघतात.

अशा कामातल्या सगळ्यांना मी एवढं सांगते. भावावरून वाद झाला की एकच वाक्य ठरवून ठेवा: ‘मशीनमध्ये दर असा येतोय, मी सुपरवायझरला बोलावते.’ त्यापुढे स्वतःची बाजू मांडायला जाऊ नका, तुमच्यावर खटला चाललेला नाही. घरी गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं कुणाशी बोलू नका, पाय गरम पाण्यात ठेवा, आणि घरच्यांनो, तेवढा वेळ भाजीचं विचारू नका. नोकरी सोडू का, याचं माझं उत्तर असं की पाय सुजतात, पैसे कापतात, वरचा माणूस घाण बोलतो, अशी कारणं असतील तर तक्रार करा, नाहीतर दुसरं काम बघा, त्यासाठी मला विचारायची गरज नाही. फक्त लाजेपायी सोडणार असाल तर थोडं थांबा. ती लाज पुढच्या नोकरीतही तुमच्या डब्याबरोबर येते.

सुनीता अजून त्याच दुकानात आहे. मुलीशी तिची अधूनमधून वाजते, पण दहावीच्या घरात वाजावं तितकंच. भावाला मात्र अजून सांगितलेलं नाही. मागच्या भेटीत मी तो विषय काढला तर म्हणाली, ‘दिवाळीत माहेरी गेले की सांगते.’ मग स्वतःच कपाळाला हात लावून हसली, ‘दिवाळीत कुठली जाते मी! दिवाळीत आमच्या आठवड्याच्या सुट्ट्यासुद्धा रद्द असतात.’