वाचकांचे प्रश्न : अमेरिकेची विमेन्स ओपन गोल्फ स्पर्धा

प्रश्न : टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तेव्हापासून मी महिलांचे गोल्फ आवर्जून पाहू लागलो. अमेरिकेच्या विमेन्स ओपनची सुरुवात कुठे १९४६ मध्ये झाल्याचे वाचतो, तर कुठे १९५३ मध्ये. खरे काय मानावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : स्पर्धा १९४६ चीच. १९५३ हे वर्ष ती अमेरिकन गोल्फ संघटनेच्या, म्हणजे यूएसजीएच्या हाती आली त्याचे आहे. ही संघटना हौशी महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १८९५ पासून घेत होती. गोल्फवर पोट भरू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी मात्र तिच्याकडे अर्धशतकाहून अधिक काळ काहीही नव्हते. त्यामुळे होप सेग्नियस, बेटी हिक्स आणि एलन ग्रिफिन या तिघींनी १९४४ मध्ये डब्ल्यूपीजीए ही व्यावसायिक महिला गोल्फपटूंची स्वतंत्र संस्था काढली, आणि या संस्थेने दोन वर्षांनी वॉशिंग्टन राज्यातील स्पोकॅन येथे पहिली विमेन्स ओपन भरवली. बक्षिसाचे पैसे अ‍ॅथलेटिक राउंड टेबल या स्थानिक क्लबने दिले. क्लबची मिळकत मुख्यतः नाणी टाकून खेळायच्या जुगारयंत्रांतून येत असे, आणि १९,७०० डॉलरची बक्षिसे रोख न देता युद्धरोख्यांच्या, म्हणजे युद्धखर्चासाठी सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांच्या रूपाने वाटली गेली. एका राष्ट्रीय स्पर्धेचा पाया जुगाराच्या पैशावर घातला गेला ही गोष्ट पुढच्या प्रतिष्ठित संयोजकांना फारशी मिरवावीशी वाटली नसावी, पण त्या काळी महिला गोल्फसाठी एवढी रक्कम देणारे दुसरे कोणी पुढे आले नव्हते, हेही तितकेच खरे.

त्या वर्षी सामने एकास एक पद्धतीने झाले आणि अंतिम फेरीत पॅटी बर्गने बेटी जेमसनला हरवले. पुढच्या वर्षी, सेग्नियस यांच्या ग्रीन्सबरो गावी, एकूण फटक्यांवर निकाल लावण्याची (सर्वांत कमी फटके ती विजेती) पद्धत आली, ती आजतागायत आहे. तेथे जेमसनने ७२ होल (चेंडू ज्यात घालायचा ते मैदानावरील खड्डे; एका फेरीत १८) २९५ फटक्यांत पूर्ण करून जेतेपद मिळवले. डब्ल्यूपीजीए पैशाअभावी खचली, तेव्हा १९४९ मध्ये नव्याने आकार घेत असलेल्या एलपीजीए या व्यावसायिक महिला गोल्फपटूंच्या दुसऱ्या संस्थेने स्पर्धा उचलली. क्रीडासाहित्य बनवणारी विल्सन कंपनी या नव्या संस्थेच्या पाठीशी होती. त्या वर्षी लुईस सग्जने बेब झहारियसला तब्बल १४ फटक्यांनी मागे टाकले. एवढ्या फरकाने ही स्पर्धा नंतर कोणीही जिंकलेली नाही. चार वर्षे स्पर्धा चालवल्यावर एलपीजीएनेच यूएसजीएला ती हाती घेण्याची विनंती केली. यूएसजीएची विजेत्यांची यादीदेखील १९४६ पासूनच सुरू होते. माझ्या मते ते योग्यच आहे, कारण पहिली सात वर्षे ही स्पर्धा खेळाडूंच्या संस्थांनी तगवली, आणि ती वर्षे वगळली तर पॅटी बर्गचे नावही यादीतून जाईल.

प्रश्न : कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर एका खेळाडूने ही स्पर्धा जिंकली होती, हे खरे आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : होय, ती बेब झहारियस. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक व अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक आणि उंच उडीत रौप्यपदक मिळवून ती नंतर गोल्फकडे वळली होती. एप्रिल १९५३ मध्ये तिच्यावर मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. जुलै १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सेलम कंट्री क्लबवर ती विमेन्स ओपन खेळली, त्या काळच्या रिवाजानुसार शेवटच्या एकाच दिवशी ३६ होल पायी पूर्ण केले आणि १२ फटक्यांनी जिंकली. हे तिचे या स्पर्धेतील तिसरे जेतेपद होते. पुढे आजार उलटला आणि सप्टेंबर १९५६ मध्ये ती वारली.

प्रश्न : सर्वांत कमी फटके मारूनही केवळ एका सहीपायी जेतेपद गमावल्याचा प्रसंग या स्पर्धेत घडल्याचे ऐकले आहे. नियम इतका कठोर का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा प्रसंग १९५७ चा, न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट क्लबवरचा. फटक्यांवर निकाल लागतो तेव्हा खेळाडू आपले स्कोअरकार्ड स्वतः भरत नाही. बरोबरीने खेळणारी दुसरी खेळाडू ते भरते, आणि फेरी संपल्यावर प्रत्येक होलचा आकडा तपासून खेळाडूने त्यावर सही करायची असते. हवाईची जॅकी पंग आणि बेटी जेमसन त्या दिवशी एकत्र खेळत होत्या. चौथ्या होलवर दोघींना प्रत्येकी सहा फटके लागले, परंतु दोघींनीही एकमेकींच्या कार्डावर पाच लिहिले. पंगच्या कार्डावरची एकूण बेरीज अचूक होती. तिचे चारही फेऱ्यांचे मिळून २९८ फटके झाले होते, बेट्सी रॉल्सपेक्षा एकाने कमी, आणि तिचे अभिनंदनही सुरू झाले होते. चूक उघड झाल्यावर पंग आणि जेमसन दोघींनाही बाद ठरवण्यात आले व जेतेपद रॉल्सकडे गेले. बेरजेची जबाबदारी संयोजकांची असते, पण प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी खेळाडूची असते. त्यामुळे बेरीज बरोबर असूनही पंगला तिचा आधार मिळाला नाही.

गोल्फमध्ये प्रत्येक गटामागे पंच नसतो, शंभराहून अधिक खेळाडू विस्तीर्ण मैदानावर विखुरलेले असतात, आणि म्हणून सही केलेले कार्ड हाच अखेरचा पुरावा मानावा लागतो. ही भूमिका मला पटते. मात्र जिथे एकूण फटक्यांत काडीचाही फरक पडला नव्हता, तिथे थेट बाद करण्याऐवजी एखाद-दोन दंडाचे फटके पुरेसे झाले असते असेही वाटते. अलीकडे नियम काहीसा सैल झाला आहे, पण तो लागलेल्या दंडाची खेळाडूला कल्पनाच नसेल तेवढ्यापुरता. पंगची चूक आज घडली तरी शिक्षा तीच होईल. त्या संध्याकाळी क्लबच्या सभासदांनी व प्रेक्षकांनी तिच्यासाठी वर्गणी गोळा केली. ती रक्कम विजेतीच्या १,८०० डॉलरच्या बक्षिसाहून मोठी भरली. रॉल्सवरही अन्याय होऊ नये म्हणून सांगायला हवे की, तिने ही स्पर्धा एकूण चार वेळा जिंकली. मिकी राइटखेरीज हा मान दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही.

प्रश्न : अलीकडच्या विजेत्यांत दक्षिण कोरियाच्या इतक्या खेळाडू कशा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : याचे मूळ बव्हंशी १९९८ मध्ये सापडते. विस्कॉन्सिनमधील ब्लॅकवुल्फ रन मैदानावर वीस वर्षांची पाक से री आणि ड्यूक विद्यापीठात शिकणारी हौशी खेळाडू जेनी चुआसिरिपोर्न यांची चार फेऱ्यांनंतर बरोबरी झाली. तेव्हा बरोबरी सुटण्यासाठी दुसऱ्या दिवशी पूर्ण १८ होल खेळावे लागत. त्यातल्या अठराव्या होलवर पाकचा चेंडू पाण्याच्या अगदी काठच्या गवतात अडकला. दंड घेऊन चेंडू बाहेर ठेवण्याऐवजी तिने बूट-मोजे काढले, पाण्यात उतरून फटका मारला आणि बरोबरी टिकवली. आणखी दोन होल खेळल्यानंतर, म्हणजे एकंदर ९२ व्या होलवर, ती जिंकली. आशियातील आर्थिक संकटाने कोरियात त्या वर्षी हजारोंच्या नोकऱ्या जात होत्या, आणि पाण्यात उतरलेल्या पाकचे ते दृश्य तेथील दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. ते पाहून गोल्फकडे वळलेल्या मुलींत इन्बी पार्क होती, जिने दहा वर्षांनी, एकोणीस वर्षांची असताना, ही स्पर्धा जिंकली. २००८ ते २०२० या तेरा वर्षांत जेतेपद नऊ वेळा कोरियन खेळाडूंकडे गेले. अर्थात एका दृश्याने एवढे घडत नाही. त्यामागे पालकांनी ओतलेला पैसा, कोवळ्या वयापासूनचा कठोर सराव आणि कोरियातील स्वतंत्र व्यावसायिक महिला स्पर्धांची साखळी आहे.

प्रश्न : हौशी खेळाडूने ही स्पर्धा कधी जिंकली आहे का? आणि बक्षिसे आता पुरुषांइतकी झाली का? (तेच वाचक)

उत्तर : हौशी विजेती एकच, १९६७ ची फ्रान्सची कॅथरीन लाकोस्त. टेनिसपटू रेने लाकोस्त तिचे वडील, आणि आईदेखील नावाजलेली गोल्फपटू. हौशी असल्याने तिला बक्षिसाची रक्कम घेता आली नाही. रकमेबाबत सांगायचे तर, २०२२ मध्ये ती एकदम एक कोटी डॉलरवर नेण्यात आली आणि २०२४ मध्ये एक कोटी वीस लाखांवर पोहोचली, ज्यातील चोवीस लाख जपानच्या युका सासोला मिळाले. त्याच वर्षी पुरुषांच्या यूएस ओपनसाठी दोन कोटी पंधरा लाख डॉलर ठेवलेले होते.