टायमिंग चेनचे ३८,५०० की नव्या गाडीचा हप्ता?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं आणि सोबत पाठवलेलं अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंगही तीन-चारदा ऐकलं. किल्ली फिरते, इंजिन घेतं आणि लगेच पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. दोन-तीन सेकंदांत तो थांबतो आणि गाडी नेहमीसारखी चालू राहते. मागे कुकरची शिट्टीही ऐकू येते, म्हणजे सकाळची वेळ, इंजिन रात्रभर थंड झालेलं.

इतर वाचकांसाठी पत्रातला मजकूर थोडक्यात सांगतो. घर पुण्यात धायरीला, नोकरी हिंजवडीत, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. गाडी २०१६ची, १.२ लिटर पेट्रोल, १,१८,००० किलोमीटर झालेली. इंजिनातली टायमिंग चेन बदलण्यासाठी कंपनीच्या वर्कशॉपने ३८,५०० रुपयांचं एस्टिमेट दिलंय, नऱ्ह्यातलं ओळखीचं गॅरेज २६,००० म्हणतंय. शोरूमवाला आहे त्या स्थितीत गाडीचे २ लाख १० हजार द्यायला तयार आहे. नवी गाडी ऑन-रोड १० लाख ८० हजारांची, त्यात पदरचे ७०,००० घालून ८ लाखांचं कर्ज, पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी. हातात येणारा पगार ९२,०००, घराचा हप्ता ३१,०००, एसआयपी १२,०००, अडीअडचणीसाठी बँकेत २ लाख ६० हजार. मुलगा पुढच्या वर्षी दहावीला. आणि प्रश्न असा, की जुन्या गाडीवर एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तर होत नाही ना?

दुरुस्त केल्यावर तुमची गाडी बाजारात पावणेतीन लाखांच्या आसपास जाईल, असं तुम्हीच चौकशी करून लिहिलंय. त्यावर ३८,५०० म्हणजे रुपयात सव्वादोन आणे. एवढा मसाला चालतो. पण खरं सांगायचं तर हे गणितच मला पटत नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून बघायची आपल्याकडे सवय आहे. गाडी विकायचीच असेल तेव्हा ते ठीक आहे. वापरायची असेल तर हा खर्च ताडायचा तो दुसऱ्या पर्यायाच्या महिन्याच्या खर्चाशी. ८ लाखांचा हप्ता साधारण १६,८०० बसतो. म्हणजे चेनचं सगळं काम सव्वादोन हप्त्यांत संपतं, आणि हप्ते आहेत साठ.

पुढची तीन वर्षं ही गाडी ठेवलीत तर एकट्या चेनवर भागणार नाही, हेही धरू. चार टायर २२,०००, बॅटरी साडेपाच हजार, क्लच आणि सस्पेन्शनसाठी १८,००० बाजूला. चेन धरून सगळे मिळून ८४,०००. छत्तीस महिन्यांत वाटले तर महिन्याला २,३००-२,४०० रुपये. तेल, नेहमीची सर्व्हिसिंग, विमा दोन्हीकडे आहेच, उलट नव्या गाडीचा विमा जास्त. फरक महिन्याला साडेचौदा हजारांच्या घरात राहतो. त्यातले १४,००० दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकलेत, तर साडेसहा टक्के व्याजाने तीन वर्षांत साडेपाच लाखांच्या आसपास होतात. व्याजावरचा कर वेगळा. तेव्हा जुन्या गाडीचे दीड लाख जरी आले तरी हातात सात लाख असतील आणि नवी गाडी खूपच लहान कर्जात घेता येईल.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आज नवी घेतलीत तर तीन वर्षांनी ती तुमच्याकडे असेल, तिलाही किंमत असेल. ती सव्वासहा लाख धरा. पण बँकेचं ३ लाख ६६ हजारांचं मुद्दल तेव्हाही बाकी असेल, त्यामुळे तुमचे असे अडीच लाखांच्या थोडं वर. एकीकडे सात लाख आणि न घातलेले सत्तर हजार, दुसरीकडे अडीच. तीन वर्षं नवी गाडी वापरण्याची ही पाच लाखांच्या आसपासची किंमत आहे. ज्याला परवडते त्याने जरूर द्यावी. मुलाची अकरावी-बारावी आणि पुढचा प्रवेश याच तीन वर्षांत येत असताना तुम्ही ती देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वहिनींचं म्हणणं तुम्ही एका ओळीत लिहिलंत: ‘तिला आता या गाडीची धास्ती वाटते.’ ही ओळ मी सगळ्यात गंभीरपणे घेतली, कारण तिची बाजू इंजिनही घेतं. टायमिंग चेन खालच्या क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) वरच्या कॅमशाफ्टशी (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) बांधून ठेवते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. इंजिन २,००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडतो, आणि तो बरोबर त्याच क्षणी उघडावा-मिटावा हे चेन ठरवते. आजच्या बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. चेन दातावरून घसरली की दोघांची धडक होते, व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड उतरवावं लागतं. बायपासवर, नवले पुलाच्या उतारावरून ट्रक मागे येत असताना इंजिन असं एकदम बंद पडलं, तर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही एक-दोनदा दाबले की दगडासारखे होतात. म्हणून माझी पहिली विनंती पैशाची नाहीच. काम होईपर्यंत गाडी बायपासवर काढू नका. ऑफिसला कंपनीची बस, शेअर कॅब, काहीही चालेल.

माझ्या थोरल्या भावाने हाच आवाज सहा महिने ऐकून सोडून दिला होता. कुणीतरी त्याला सांगितलं, थोडं जाड ऑइल आणि वरून एक डबी अॅडिटिव्ह टाक, आवाज जाईल. आवाज खरंच कमी झाला. मग खंबाटकीच्या अलीकडे गाडी बंद पडली, टोइंग करून आणली आणि हेडचं काम धरून सव्वा लाखाच्या वर बिल झालं. तुमच्या पत्रातही ‘डबी टाकून बघू का?’ असं आहे. नका टाकू. चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. जाड ऑइल थंडीत त्याच्यापर्यंत पोचायला उलट उशीर करतं.

भावाच्या गाडीची जुनी चेन मी त्या गॅरेजमध्ये हातात घेतली होती. मेकॅनिकने नवी आणि जुनी एकाच खिळ्याला टांगली. जुनी काही मिलिमीटरच लांब होती. आडवी धरली तर नवी ताठ राहत होती, जुनी कमानीसारखी लवत होती. आपण चेन ताणली म्हणतो, पण पोलाद ताणलेलं नसतं. शेकडो बारीक पिना आणि त्यांची भोकं थोडी थोडी झिजतात, आणि ती झीज मिळून एवढी लांबी होते. शेजारी चेनला वाटेवर धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा गाइड होता, त्यात चेनने दोन खोल चऱ्या पाडल्या होत्या.

ही झीज होते मुख्यतः खराब झालेल्या ऑइलमुळे. गेल्या दोन सर्व्हिसिंग तुम्ही पंधरा-सोळा हजार किलोमीटरवर केल्यात आणि लॉकडाऊनच्या दोन वर्षांत एकदाच ऑइल बदललंत, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून सांगतो. चेनला, काही इंजिनांत तिच्याऐवजी असणाऱ्या टायमिंग पट्ट्यासारखी, ‘इतक्या किलोमीटरला बदला’ अशी ठरलेली मुदत सहसा नसते. म्हणून विकताना ती आयुष्यभराची असं सांगतात. पण ते आयुष्य वेळेवर बदललेल्या ऑइलचं असतं. शिवाय सिंहगड रोडवर गाडी तासभर चालू राहते आणि मीटरवर जेमतेम आठ-दहा किलोमीटर पडतात. मीटर दाखवतो त्याहून इंजिन जास्त चाललेलं असतं. यापुढे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचं ऑइल.

आता खर्च करण्याआधीचा खर्च. थंड स्टार्टचा खडखडाट म्हणजे दरवेळी चेनच असं नाही. टेन्शनर एकटाच गेलेला असू शकतो. व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणाऱ्या यंत्रणेचा) ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो, त्याच यंत्रणेचा कॅमवरचा अॅक्च्युएटर सैल असू शकतो, आणि डिपस्टिकवर ऑइलच खाली गेलेलं असू शकतं. एस्टिमेटवर नुसते पार्ट आणि मजुरी लिहिलीय, तपासणीचा एक शब्द नाही. स्कॅन करून घ्या. कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नसेल तर पी ००१६ किंवा त्याच्या जवळपासचा कोड दिसतो. कोड नसला म्हणून चेन धड आहे असंही नाही, म्हणून ऑइलचा दाबही मोजायला सांगा. आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आत किती दाब तयार करतो ते बघा. हे मी पैशाच्या अंगाने सांगतोय: कॉम्प्रेशन एकसारखं असेल तर इंजिन पुढची पाच वर्षं काढेल आणि ३८,५०० सत्कारणी लागतील. एखादा सिलिंडर पडलेला असेल, किंवा गाडी निळा धूर सोडत ऑइल पीत असेल, तर माझं वरचं सगळं गणित मागे घेतो. तेव्हा विकणं बरं.

दोन एस्टिमेटांत साडेबारा हजारांचा फरक आहे. मी नऱ्ह्याच्या गॅरेजच्या विरोधात नाही, फक्त दोघं एकच काम करतायत का ते बघा. वर्कशॉपच्या कागदावर चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, स्प्रॉकेट (चेन फिरते ती दातेरी चाकं), पुढचं ऑइल सील, ऑइल-फिल्टर-कूलंट सगळं वेगवेगळं लिहिलंय आणि १३,५०० मजुरी आहे. नऱ्ह्याचा आकडा तोंडी आहे. त्यात गाइड नसतील तर ते अर्धं काम झालं, कारण झिजलेल्या गाइडवर नवी चेन टिकत नाही. त्यांना विचारा, याच इंजिनची चेन आधी केली आहे का, टायमिंग लॉक करायची हत्यारं आहेत का, पार्ट नंबरसह जीएसटीचं बिल देणार का, कामाची सहा महिन्यांची हमी कागदावर देणार का. चारही उत्तरं ‘हो’ आली तर खुशाल तिथे करा. नाना पेठेतून स्वस्त किट आणून देण्याचा विचार मात्र सोडा. दुकान चांगलं असलं तरी पार्ट तुम्ही आणला की हमीची जबाबदारी कुणीच घेत नाही. पुढचं कव्हर उघडणारच आहे, तर बाहेरचा पट्टा आणि गळत असेल तर वॉटर पंपही तेव्हाच बदला, मजुरी दुसऱ्यांदा पडणार नाही. जुने पार्ट मागून घ्या आणि घरी नेऊन वहिनींना दाखवा.

एक वरची मर्यादा आजच ठरवून ठेवा: ६५,०००. उघडल्यावर अॅक्च्युएटर निघाला तर आकडा वाढतो, आणि खोललेली गाडी समोर असताना माणूस ‘करून टाका’ म्हणतो. त्या आकड्याच्या पुढे गेलं तर काम थांबवून मला फोन करा.

विम्याचं विचारलंत. मिळणार नाही. सर्वंकष पॉलिसीतही झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर प्रामुख्याने पाणी शिरण्यासारख्या नुकसानीसाठी असतं. पैसे बँकेतल्या त्या २ लाख ६० हजारांतून काढा, ते याचसाठी साठवलेत. एफडी मोडावी लागली तर व्याजात अर्धा ते एक टक्का जाईल, ४०,००० वर वर्षाला दोनशे ते चारशे रुपये. क्रेडिट कार्डाचा हप्ता करू नका. एसआयपी चालू ठेवा आणि महिन्याला साडेपाच हजार टाकून सात महिन्यांत खड्डा भरा.

आवाज लपवून, गाडी गरम करून दाखवायची आणि विकायची, हा मार्ग तुम्ही सुचवलेला नाही, पण कुणीतरी सुचवेलच. घेणाऱ्याच्या घरातही कुणीतरी बायपासवरून जाणार असतं.

एका गोष्टीवर मात्र उत्तर फिरलं असतं. ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीचं झालं २०१९ मध्ये. २०१६च्या बऱ्याच खालच्या मॉडेलांत दोन्ही नव्हतं. तुमच्या गाडीत दोन एअरबॅग आणि एबीएस आहे असं लिहिलंत म्हणून तीन वर्षं थांबा म्हणतोय. नसतं तर दुरुस्त करून विका आणि लहान कर्जाची, वापरलेली पण सुरक्षित गाडी घ्या, असं सांगितलं असतं. आरसीची पंधरा वर्षं २०३१ मध्ये भरतील, तोपर्यंत नूतनीकरणाचा प्रश्न नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी गावातल्या रस्त्याने हळू नऱ्ह्याला नेऊन रात्रभर तिथेच लावा. शनिवारी सकाळी तुम्ही पोचेपर्यंत कुणी स्टार्ट करू नये असं बजावून ठेवा. बॉनेट उघडं ठेवून पहिला स्टार्ट मेकॅनिकच्या कानासमोर झाला पाहिजे, दिवसा गरम इंजिनवर तो आवाज ऐकू येणार नाही. स्कॅनचा रिपोर्ट आणि कॉम्प्रेशनचे चार आकडे मला पाठवा.