बढती मिळाली आणि झोप उडाली

‘वरची जागा मिळाली खरी, पण मी त्या लायकीची नाही. आज ना उद्या सगळ्यांना कळेल.’ नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात हे वाक्य बँकेतले अधिकारी बोलतात, नवे मुख्याध्यापकही बोलतात. वसुधाताईंनी (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) तेच सांगितलं, फक्त त्यांची खुर्ची फार मोठी होती.

ताई जुन्या वस्त्रांच्या जाणकार. मुंबईतल्या एका मोठ्या कलासंग्रहालयात पैठण्या, पटोळी जपण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. संचालकपदावर बाहेरचं कुणीतरी येणार असं सगळेच धरून चालले होते. ताईंनी अर्जही केला नव्हता आणि विश्वस्तांनी नाव जाहीर केलं त्यांचंच.

“मला उजेड नि दमटपणा कळतो हो. नाजूक कापडावर ५० लक्सच्या, म्हणजे मंद उजेडाच्या, वर प्रकाश पडू देत नाही मी. आता म्हणतात, देणग्या आणा, युनियनशी बोला!”

यजमानांनी धीर द्यायला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचं उदाहरण शोधलं होतं. तिथे २००८ मध्ये संचालक म्हणून निवड झाली ती थॉमस कॅम्पबेल यांची. तेही टॅपेस्ट्रीचे, म्हणजे भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रवस्त्रांचे अभ्यासक, आणि आधीचे संचालक तब्बल ३१ वर्षं त्या पदावर राहिलेले. ताईंनी पुढचंही वाचलं. संस्था आर्थिक अडचणीत असताना २०१७ मध्ये कॅम्पबेलना पद सोडावं लागलं. “बघा, शेवटी काय झालं!” मी म्हटलं, मग २०१८ पण वाचा. त्या वर्षी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंग्रहालयांचे संचालक झाले.

यशस्वी स्त्रियांना आपलं यश खोटं वाटतं, हे पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्येच मांडलं. त्याला आज ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात. पण तेवढं नाव देऊन मोकळं होणं मला पटत नाही. भीतीखाली आणखी काय आहे ते बघावंच लागतं.

म्हणून विचारलं, नाव जाहीर झालं तेव्हा हातात काय होतं? ताई सांगत गेल्या. एका नऊवारीचा पदर, जर तुटलेली, खाली आधाराला तलम रेशीम, आणि केसासारख्या बारीक धाग्याने एकेक टाका. “अर्धा राहिलाय. आता तो दुसरं कुणीतरी पूर्ण करेल.” आणि त्या रडल्या, खूप वेळ. हातातलं काम सुटल्याचं दुःख होतं ते. बढतीच्या पेढ्यांत ते कुणाला दिसलं नव्हतं, त्यांनाही नाही.

ते बोलून झाल्यावर उरलेली भीती बरीच आटोक्यात आली. अंदाजपत्रक समजत नाही? लेखापालांसोबत बसा आणि ‘मला हे येत नाही’ असं सरळ म्हणा. अवघड होतं ते ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना कालपर्यंत ‘सर’ म्हणत होत्या, त्यांचे वरिष्ठ होणं. पहिल्या बैठकीआधी ताई स्वतः त्यांच्या खोलीत गेल्या. सर तुटक बोलले. तरी ताई दुसऱ्यांदा गेल्या, याचं मला फार अप्रूप आहे.

विश्वस्तांच्या बैठकीच्या आदल्या रात्री त्यांना अजून झोप लागत नाही. त्या रात्री ती लागावीच, असा माझाही आग्रह नाही. पुढच्या भेटीत त्यांना बोलायचंय ते आपल्या जुन्या विभागात कुणाला नेमायचं, याबद्दल.