अंघोळीनंतर धूसर दिसतं, हा अटॅक समजायचा का?

प्रश्न : माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. गरम पाण्याने अंघोळ केली की तिला डाव्या डोळ्याने धूसर दिसतं, पाय जड पडतात. तासाभरात सगळं पूर्ववत होतं. तरी आजाराचा नवा अटॅक आला की काय म्हणून दर वेळी आम्ही घाबरून डॉक्टरांना फोन लावतो. शिवाय सकाळी चालती-बोलती असलेली ती दुपारी नुसती पडून असते. आई म्हणते, हालचाल नाही म्हणून असं होतं. काय समजायचं? – एक वाचक

उत्तर : हा आजार मलाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये व्यायामानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंद होते असं नोंदवलं. कारण अंगातली उष्णता, हे नंतर कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसांमधलं मायलिनचं, म्हणजे मज्जातंतूंभोवतीचं स्निग्ध आवरण खाते. जिथलं आवरण गेलंय तिथून संदेश कसाबसा पुढे जातो, आणि अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी अडतो. अंग निवलं की पुन्हा सुरू. यात नवी इजा होत नाही, म्हणून हा अटॅक नव्हे. एमआरआय येण्यापूर्वी तर निदानासाठी रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवायचे! वाचलं तेव्हा आधी संताप आला, मग हसू.

मी काय करते सांगते. धूसर झालं की पंख्याखाली बसते, चांगला डोळा हाताने झाकते आणि समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचत राहते. ठळक आकडे आधी उमटतात, त्याखालची बारीक अक्षरं बऱ्याच उशिराने. अक्षरं लागली की उठायचं. केस धुणं आणि बाहेर जाणं एका दिवशी ठेवत नाही. खरी भीती घसरण्याची असते. तेव्हा पाणी कोमट, बसायला स्टूल, भिंतीला धरायला दांडी, आणि आतून कडी लावायची नाही.

अटॅक कधी म्हणायचा? नवं लक्षण आलं किंवा जुनं बळावलं, ते सलग २४ तासांहून जास्त टिकलं, आणि ताप किंवा संसर्ग नाही, तेव्हा. असं झालं तर वाट न पाहता फोन करा. मात्र पाय अचानक बिघडले तर लघवीची तपासणी करायला सांगा. या आजारात अनेकदा मूत्राशय नीट रिकामं होत नाही, संसर्ग लपून राहतो आणि त्यानेही पाय बिघडतात, जळजळही जाणवेलच असं नाही. स्टेरॉइडचं म्हणाल तर त्याने अटॅकमधून लवकर सावरता येतं, पुढचा आजार थांबत नाही. त्यामुळे प्रत्येक धूसरपणाला ते मागू नका. रोजचं औषध मात्र मनाने बंद करायचं नाही.

आता आईंचं म्हणणं. त्या निम्म्या बरोबर आहेत. पूर्वी डॉक्टरच एमएसच्या रुग्णांना व्यायाम टाळा, पडून राहा म्हणत. आता व्यायाम करायलाच सांगतात. पण दुपारचा थकवा आळसातून आलेला नाही, तो या आजाराच्या अगदी नेहमीच्या लक्षणांपैकी आहे. तो येतो तेव्हा मला शर्टाचं बटण काजात घालता येत नाही. बोटांना बटण लागतं, पण कड कुठली ते उमगत नाही. आईंना हे एकदा शेजारी बसून बघू द्या, वाद घालण्यापेक्षा बरं. चालणं, व्यायाम सकाळी, थोडा थोडा, मध्ये बसून. आणि विश्रांती दमायच्या आधी घ्यायची, दमल्यावर घेतलेली मला तरी पुरत नाही.

एवढं करूनही थकवा हटला नाही तर सगळं एमएसच्या माथी मारू नका. रात्री लघवीला उठून झोप मोडते का, थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-१२, मनाची उदासी, चालू गोळ्यांची गुंगी, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.