माझ्याच ईमेल आयडीवरून मलाच स्पॅम येतोय, अकाउंट हॅक झालंय का?

तुम्ही लिहिलंय की मेल उघडला तर पाठवणारा म्हणून तुमचाच आयडी, आत धमकी की तुमचा कॅमेरा हॅक केलाय, व्हिडिओ आहे, बिटकॉइन पाठवा नाहीतर सगळ्या ओळखीच्यांना पाठवतो, आणि पासवर्ड बदलला तरी परत तसाच मेल आला. आधी हे सांगतो, पैसे पाठवू नका आणि रिप्लायही करू नका. अशा मेलमध्ये बहुतेक वेळा अकाउंटमध्ये कुणी शिरलेलंच नसतं. पासवर्ड बदलूनही मेल येतोय ना, तर ते त्यामुळेच, कारण तुमच्या नावाने मेल टाकायला स्पॅमवाल्याला तुमचा पासवर्ड लागतच नाही.

आता हे कसं शक्य आहे? ईमेल ज्या नियमांवर चालतो तो एसएमटीपी १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढला, तेव्हा नेटवर्कवर मोजकीच कॉम्प्युटर होती, तीही बहुतेक विद्यापीठं, लॅब आणि अमेरिकन सैन्याची, त्यामुळे पाठवणारा खरंच तोच आहे का हे तपासायची सोय त्यात ठेवलीच नाही. आणि मेलमध्ये पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात, हे खूप जणांना माहीतच नसतं. एक पत्ता सर्व्हर एकमेकांना सांगतात, मेल पोचला नाही तर परत कुठे टाकायचा त्यासाठी, आणि दुसरा तुम्हाला स्क्रीनवर दिसतो तो फ्रॉम. पत्राचं बघा ना, पाकिटावर एक नाव आणि आत लेटरहेड भलत्याचंच, पोस्टमन काही पाकीट फोडून आतलं वाचत बसत नाही. स्पॅमवाला फ्रॉममध्ये तुमचा आयडी टाइप करतो, बस, तिथे हवं ते लिहिता येतं.

मग तुमचाच आयडी का टाकतो? एक म्हणजे स्वतःचा पत्ता दिसला की माणूस घाबरून मेल उघडतोच, आणि धमकीच्या मेलला तर तोच पुरावा म्हणून वापरतात की बघ, तुझ्याच अकाउंटमधून पाठवतोय. दुसरं म्हणजे बऱ्याच जणांनी स्वतःचा आयडी कॉन्टॅक्टमध्ये किंवा सेफ लिस्टमध्ये टाकलेला असतो, मग फिल्टर थोडा सैल पडतो. तुम्ही टाकला असेल तर सेफ लिस्टमधून आजच काढा.

काही मेलमध्ये तुमचा खरा जुना पासवर्डही लिहिलेला असतो, आणि तिथे माणूस खचतो, मी हे जवळून पाहिलंय. २०१८ पासून ही पद्धत फार पसरली. तो पासवर्ड तुमच्या कॉम्प्युटरमधून आलेला नसतो, कुठल्यातरी वेबसाइटच्या चोरलेल्या डेटातून आलेला असतो, उदाहरणार्थ लिंक्डइनचा डेटा २०१२ मध्ये चोरीला गेला आणि २०१६ मध्ये विकायला निघाला. ट्रॉय हंट यांची हॅव आय बीन पोन्ड नावाची फुकट साइट आहे, तिथे आयडी टाकला की कुठल्या कुठल्या लीकमध्ये तो आहे ते दिसतं. तोच पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर तिथला मात्र लगेच बदला.

खात्री कशी करायची ते सांगतो. जीमेल असेल तर कॉम्प्युटरवर तो मेल उघडा, उजवीकडचे तीन ठिपके, त्यात शो ओरिजिनल. वरती एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला परवानगी आहे का), डीकिम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (यातलं काही फ्रॉमशी जुळतं का) असे तीन शब्द आणि त्यांच्यासमोर पास किंवा फेल येईल. फेल असेल तर मेल बाहेरूनच आलाय. फक्त पास बघून थांबू नका, समोर डोमेन, म्हणजे आयडीतला @ नंतरचा भाग, कुठलं लिहिलंय ते वाचा, कारण स्पॅमवाला स्वतःच्या डोमेनवर पास मिळवू शकतो. त्यानंतर जीमेलच्या इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे डीटेल्स आहे, त्यात कुठून कुठून लॉगिन झालंय ते दिसतं. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स पण बघा, कारण खरंच कुणी शिरलं असेल तर तो हमखास तिथे काहीतरी करून ठेवतो आणि पासवर्ड बदलला तरी तुमचे मेल त्याला जात राहतात.

सेंटमध्ये तो मेल दिसला तरी एकदम घाबरू नका. एप्रिल २०१८ मध्ये बऱ्याच जीमेलवाल्यांच्या सेंट फोल्डरमध्ये त्यांनी न पाठवलेला स्पॅम दिसायला लागला होता, लोकांनी पासवर्ड बदलले, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, फोनवरचा कोड वगैरे) लावलं, तरी चालूच. गूगलने नंतर सांगितलं की खोट्या हेडरमुळे (हेडर म्हणजे मेलसोबत जाणारी पाठवणारा, मार्ग वगैरे माहिती) ते मेल सेंटमध्ये दिसत होते, अकाउंट हॅक झाले नव्हते. पण अनोळखी लॉगिन दिसलं, किंवा तुमच्या ओळखीच्यांना तुमच्या नावाने मेल गेलेत आणि त्यात तुमच्याच डोमेनचा डीकिम पास आहे, तर मात्र अकाउंट गेलंय असंच धरा, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, पासवर्ड बदला, टू-स्टेप लावा.

कधीकधी न पाठवलेल्या मेलचे डिलिव्हरी फेल्ड असे निरोप ढिगाने येतात, तेही याच प्रकारातलं, कुणीतरी तुमचा पत्ता टाकून हजारो लोकांना स्पॅम केला आणि न पोचलेले मेल तुमच्याकडे परत आले. ते काही दिवसांत आपोआप थांबतं.

आयडी तुमच्या स्वतःच्या डोमेनचा असेल, म्हणजे दुकानाचा, क्लिनिकचा वगैरे, तर यावर इलाज तुमच्याच हातात आहे आणि लोक तो करत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती जिथे नोंदवतात तिथे, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क लावायला सांगा. खोट्या मेलचं काय करायचं ते डीमार्कमध्ये ठरवता येतं, ते सुरुवातीला नन (काही अडवू नका) वर ठेवा, रिपोर्ट बघा, तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर किंवा वेबसाइटचा फॉर्म कुठून मेल पाठवतो ते त्यात कळतं, सगळं नीट पास होतंय दिसलं की क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका) आणि मग रिजेक्ट (घेऊच नका). खूप जण नन वरच वर्षानुवर्षं सोडून देतात, त्याने फक्त रिपोर्ट येतात, खोटा मेल अडत नाही. याहूने स्वतःच्या पत्त्यांसाठी एप्रिल २०१४ मध्येच रिजेक्ट लावलं होतं, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर हे तिन्ही सक्तीचं आहे.

आणि घाबरून पैसे आधीच पाठवले असतील तर लाजू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, तो मेल डिलीट न करता तसाच ठेवा, तक्रारीला हेडरसकट लागेल.