वाचक विचारतात : नदीत घाण कोणाची, तबेल्याची की आपली?

प्रश्न : आमची बिल्डिंग दहिसर नदीच्या अगदी काठाला आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर नदी कसली, काळा नालाच. सोसायटीवाले म्हणतात तबेल्यांचं शेण येतं, तबेलेवाले म्हणतात तुमच्याच संडासाच्या लायनी नदीत सोडल्यात. माझा भाचा एम.एस्सी. करतोय, तो म्हणतो मामी, एक बाटली भरून आयसोटोप टेस्ट करा, लगेच कळेल. खरंच कळतं का? आणि त्यात किरणोत्सारी काही असतं का?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : ताई, आधी भीतीचं बघू. पाण्यात काहीही टाकायचं नसतं, जे आहे तेच मोजायचं. एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू म्हणजे आयसोटोप. शेण असो की संडासाचं पाणी, दोन्हींत नायट्रोजन असतो, आणि त्याचे अणू दोन वजनांचे, 14 आणि 15, दोन्ही स्थिर, म्हणजे ना फुटत ना किरणं सोडत. हजारातले तीन-चारच 15 वाले असतात, पण नायट्रोजन कुठून आला त्याप्रमाणे हे प्रमाण अगदी किंचित वरखाली होतं आणि मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणूंचं वजन मोजणारं यंत्र, तेवढं बरोबर पकडतो. हवेतला नायट्रोजन शून्य धरायचा आणि त्याच्याहून हजारी किती जड ते सांगायचं. युरिया खतातला नायट्रोजन कारखान्यात हवेतूनच घेतलेला, त्यामुळे तो शून्याच्या आसपास, उणे 4 ते अधिक 4. शेण-मूत आणि सांडपाण्यापासून झालेलं नायट्रेट (नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून झालेलं, पाण्यात विरघळणारं रूप) मात्र साधारण अधिक 7 ते 20, कधी त्याच्याही वर.

हे जड का होतं ते तबेल्यात उभं राहिलं की नाकालाच कळतं. सकाळी आत शिरल्या शिरल्या डोळ्यांत झोंबतो ना तो वास, तो अमोनिया, आणि तो उडताना हलके 14 वाले जरा जास्त पळतात, म्हणून खाली जे थारोळं साचलेलं असतं त्यात जडवाल्यांचा वाटा वाढत जातो.

आता तुमचा भाचा चुकतो ते इथे. म्हशीचं आणि माणसाचं, दोघांचंही नायट्रेट याच पट्ट्यात येतं. म्हणजे ही टेस्ट खत की मलमूत्र हे बऱ्यापैकी सांगेल, पण तुमच्या काठाला शेतं कुठली, तुमचं भांडण तर मलमूत्र कोणाचं यावर आहे! त्यासाठी सोबत दुसरं काहीतरी तपासावं लागतं, बोरॉनचे आयसोटोप किंवा सरळ कॅफीन, कारण म्हशीला कोणी कटिंग पाजत नाही :)

अजून एक गोची आहे. पाणी काळं, वास मारणारं, म्हणजे त्यात ऑक्सिजन संपलेला. अशा पाण्यात नायट्रोजन बहुतेक अमोनियमच्या, म्हणजे अमोनियाच्या पाण्यात विरघळलेल्या रूपात असतो, नायट्रेट मोजायला गेलात तर हाताला काही लागणारच नाही, म्हणून अमोनियमही मोजायला सांगायचं. शिवाय ऑक्सिजन नसला की जिवाणू नायट्रेट खातात, तेही हलकं आधी, आणि उरलेलं आपोआप जड होत जातं, म्हणजे खताचं नायट्रेटसुद्धा सांडपाण्याचा मुखवटा घालून येऊ शकतं. नायट्रेटमधल्या ऑक्सिजनचे आयसोटोप सोबत मोजले तर हे सोंग ओळखता येतं, कारण मग दोन्ही आकडे जोडीने चढलेले दिसतात.

आणि एका बाटलीने काही होत नाही हो. नॅशनल पार्कातून नदी बाहेर पडते तिथलं पाणी, तबेल्याच्या वरचं, खालचं, प्रत्येक नाला मिळतो त्याच्या आधीचं आणि नंतरचं, शिवाय खुद्द तबेल्याच्या आणि संडासाच्या पाण्याचा नमुना, तोही मे महिन्यात वेगळा आणि जुलैत वेगळा. खरं सांगू का, माझं मत असं की आधी मे महिन्यात भाच्याला घेऊन काठाकाठाने चालत जा आणि जो पाइप नदीत पडताना दिसेल त्याचा फोटो काढा. अर्धं भांडण तिथेच मिटेल.

प्रश्न : आमच्या बेसमेंटमध्ये ऐन एप्रिलमध्ये पाणी पाझरतं. पाइपलाइन फुटलीय की जमिनीतलं पाणी आहे? तक्रार केली तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. आयसोटोपने सुटेल का?
– एक सेक्रेटरी, दादर

उत्तर : काका, कल्पना चांगली आहे. पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनचेही हलके-जड अणू असतात, जड अणूवालं ते जड पाणी. नळाचं पाणी येतं मुख्यत्वे भातसा, तानसा, वैतरणाच्या धरणांतून, ते ऑक्टोबरपासून उन्हात तापत असतं आणि बाष्पीभवनात हलकं पाणी आधी उडतं, म्हणून एप्रिलपर्यंत उरलेलं जरा जड होतं. पण गंमत अशी की ढग किनाऱ्यावरून घाटाकडे चढताना जड पाणी आधी सोडतात, त्यामुळे तिकडचा पाऊस मुळातच शहरातल्यापेक्षा हलका. म्हणजे एक गोष्ट वर ओढते, दुसरी खाली, आणि नुसता ऑक्सिजन-18, म्हणजे जड ऑक्सिजन, बघितलात तर दोन्ही पाणी सारखीच दिसायची शक्यता. म्हणून हायड्रोजनही मोजायचा. हार्मन क्रेग या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये दाखवलं की पावसाचं पाणी एका रेषेवर बसतं, ऑक्सिजनचा आकडा गुणिले 8 अधिक 10 म्हणजे हायड्रोजनचा. उन्हात आटलेलं पाणी या रेषेखाली घसरतं, जमिनीत पटकन मुरलेलं सहसा घसरत नाही.

अडचण एवढीच की शहरातल्या जमिनीत गळक्या पाइपांचंही पाणी मुरलेलं असतं, त्यामुळे उत्तर गुळमुळीत येऊ शकतं. करायचंच असेल तर नळाचं, जवळच्या विहिरीचं आणि पाझराचं पाणी एकाच दिवशी घ्या, बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडाही नको आणि झाकण गच्च, नाहीतर बाटलीतच बाष्पीभवन होतं आणि सगळे आकडे सरकतात. पण त्याआधी प्लंबरकडून रात्रभर व्हॉल्व्ह बंद ठेवून बघा, आणि पाझरात क्लोरिन आहे का ते पाचेक थेंबांच्या किटने तपासा. क्लोरिन निघालं तर पाणी नळाचंच. नाही निघालं तर मात्र खात्री धरू नका, मातीतून येता येता ते संपूनही जातं.